अठरा माणसं आणि एक तवा: खान्देशात हॉटेलातलं दुपारचं जेवण जमवायचं कसं

आमच्याकडे "उद्या बाहेरच जेवू" हे शनिवारी रात्री कुणीतरी बोलतं आणि रविवारी दुपारी दीड वाजता चार गाड्या एखाद्या ढाब्यासमोर उभ्या राहतात. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टेबल नाही, भाकरीला वेळ आहे, पोरं भुकेने किरकिरतायत, म्हातारी माणसं गाडीतच बसून आहेत.

हा सोहळा मी एकदा साग्रसंगीत भोगलाय. मे महिना, जळगावबाहेरचा रस्त्यालगतचा ढाबा, आम्ही चौदा जण. ढाब्याचं नाव घेत नाही, कारण निम्मी चूक आमचीच होती. फोन केला नव्हता. भाज्या पंधरा मिनिटांत आल्या, पण भाकऱ्या दोन-दोन करून येत होत्या. पहिल्या माणसाचं जेवण उरकलं तेव्हा शेवटच्याच्या ताटात फक्त कांदा आणि लिंबाची फोड होती. तोवर वाटीतल्या शेवेचा पार लगदा झालेला. आई काही बोलली नाही, पण घरी आल्यावर तिने गुपचूप खिचडी टाकली. तेवढं पुरेसं होतं.

तेव्हापासून घरच्यांच्या आणि मित्रांच्या जेवणाची जबाबदारी माझ्या गळ्यात आहे. मागच्या हिवाळ्यात आईची पंचाहत्तरी केली, अठरा माणसं होती, आणि एकही जण ताटावर खोळंबला नाही. ते कसं जमलं, ते सांगतो.

दिवस ठरवताना

पहिलं काम कॅलेंडर बघायचं. एकादशी, संकष्टी, श्रावणातला सोमवार किंवा शनिवार असला तर अठरापैकी सहा जण साबुदाणा शोधत बसतात. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी मंडळी आपल्याकडे अजून भरपूर आहेत. त्यांना भरीताच्या हॉटेलात नेऊन दहीभातावर बसवणं बरं दिसत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की त्यांचं वांगं सुटतं. म्हणून मोठ्या घराचं भरीत मी कायम चंपाषष्ठीनंतरच ठेवतो. लग्नाची दाट तिथ असेल तर तो रविवार सोडून द्यावा. हॉटेलातली निम्मी माणसं त्या दिवशी कुठल्यातरी मंगल कार्यालयात वाढायला गेलेली असतात.

दिवस ठरला की पदार्थ ठरवायचा आणि हॉटेल त्याच्यानंतर. लोक उलटं करतात. "अमुक हॉटेल चांगलं आहे" म्हणून जातात आणि भर एप्रिलात भरीत मागवतात. मिळतंही, पण ते वांगं ते नव्हे.

हिवाळा हा भरीताचा. जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ते उगीच नाही. वांगं मोठं, फिकट हिरवं, गर भरपूर आणि बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही त्याची नावाजलेली गावं. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गाडीतच सांगून टाकावं. जेवताना सांगायला तोंड मोकळं नसतं. खरं भरीत कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. साल काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर ठेचतात. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, वर कोथिंबीर. हॉटेल निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: "वांगी काड्यांवर भाजता की गॅसवर?" गॅसवर म्हणाले तर त्या हॉटेलात दुसरं काहीतरी मागवतो. धुराचा वास नसलेलं भरीत म्हणजे वांग्याची भाजीच.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला टेकतो. तेव्हा दुपारचं जेवण हे जेवण कमी आणि प्रवास जास्त असतो. घरातून साडेअकराला निघा, बाराला बसा. झाडाखालची खाट फोटोत सुरेख दिसते, पण मे महिन्यात दुपारी एकला त्या खाटेवर बसलेली आत्या तो फोटो काढू देणार नाही. एसी नसला तर निदान कूलर आहे का आणि तो आपल्या टेबलापर्यंत पोचतो का, हे विचारून ठेवा. खायचं म्हणाल तर आमरस आणि मांडे. खापरावरचे मांडे मात्र आयत्या वेळी मिळत नाहीत. पुरण भरलेली पोळी हातावर कोपरापर्यंत झुलवत मोठी करून उपड्या खापरावर टाकणं, हे काम गावात ठरावीक बायकांनाच जमतं. हॉटेलवाले अशा एखाद्या मावशींना बोलावून घेतात, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं.

पावसाळ्यात फार डोकं चालवू नका. शेवभाजी, पातोड्यांचा रस्सा, डुबुक वडे, नाहीतर वरण-बट्टी. आभाळ भरून आलं की यातलं काहीही गोडच लागतं.

फोनवर काय विचारायचं

सगळ्या लेखातलं एवढंच वाचलं तरी चालेल. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फोन करा, जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि मालक गल्ल्यावर निवांत बसलेला असतो. पंचाहत्तरीच्या आधीचं माझं बोलणं साधारण असं झालं:

"भाऊ, उद्या बारा वाजता अठरा माणसं आहेत. त्यात चार पोरं."

"या ना दादा, काहीच अडचण नाही."

"भाकरीला किती जणी आहेत?"

तिकडे जरा शांतता. मग, "तशा दोघी असतात. पण उद्या एक सुट्टीवर आहे."

ही खरी अडचण. तिचा हिशोब मांडून बघा. माणशी दीड भाकरी धरली तर अठरा जणांच्या सत्तावीस. एका तव्यावर चांगली फुगलेली भाकरी उतरायला दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे एकच तवा असेल तर शेवटची भाकरी यायला तासभर, आणि तीसुद्धा तुमच्याशिवाय दुसरं एकही गिऱ्हाईक नसेल तर. रविवारी असं होत नाही. जेवणाचा वेग भाजी ठरवत नाही, तवा ठरवतो. भाजीचं पातेलं तयार असतं, ती काय, वाटीत ओतली की झालं.

त्यावर उपाय तीन. पहिला, सगळ्यांनी एकच प्रकार मागायचा नाही. आम्ही दहा जणांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी सांगितली आणि आठ जणांना पुऱ्या. पुऱ्या कढईत निघतात, एका घाण्यात चार-पाच. भरीताबरोबर पुरी ही आपल्याकडची जुनीच जोडी आहे, त्यामुळे पाहुण्यांना पुरी देऊन बोळवण केली असं कुणाला वाटत नाही. दुसरा, पावणेबाराला पहिली भाकरी तव्यावर पडली पाहिजे असं सांगून ठेवायचं आणि साडेअकराला "निघालो" म्हणून पुन्हा फोन करायचा. हा दुसरा फोन महत्त्वाचा. लोक फोन करून येतच नाहीत, असा अनुभव हॉटेलवाल्यांना रोजचा आहे, त्यामुळे पहिल्या फोनवर कुणी पीठ भिजवत नाही. तिसरा, थोडे पैसे आधी पाठवायचे. पाचशे रुपये गेले की मालकाची "काहीच अडचण नाही" खरी व्हायला लागते.

त्याच फोनवर आणखी चार गोष्टी उरकून घ्या. पार्किंग सावलीत आहे का. पायऱ्या किती आहेत, कारण गुडघे दुखणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी असतं. बेसिन आणि संडास आत आहे की मागच्या अंगणात. आणि शेंगदाणा. ही गंमत नाही: आपल्याकडे तेल शेंगदाण्याचं, कूट शेंगदाण्याचं, भरीतात अख्खे दाणे, ठेच्यातही दाणे. कुणाला त्याची ॲलर्जी असेल तर "भाजीत दाणे टाकू नका" एवढ्याने भागत नाही, फोडणीचं तेलही विचारावं लागतं.

काळं मटण खाणारे आणि माळकरी एकाच घरात असतील तर मी सरळ शुद्ध शाकाहारी हॉटेल निवडतो. मटणवाल्यांची वेगळी बैठक मित्रांबरोबर कधीही होते; तिला आई लागत नाही.

बसवणं

यावर कुणी लक्ष देत नाही आणि निम्मी मजा इथेच जाते. लांबच लांब टेबल जोडून घेतलं की एका टोकाला काका-मामांची सभा भरते, दुसऱ्या टोकाला मुलं मोबाइलवर, आणि मधे बसलेल्या दोन सुना वाट्या इकडून तिकडे देत राहतात. आम्ही टेबलं काटकोनात लावून घेतली. कोपऱ्यात आई, म्हणजे दोन्ही बाजूंना तिला सगळे दिसतात. तिच्या एका हाताला तिची बालमैत्रीण, दुसऱ्या हाताला पुण्याहून आलेला नातू. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पंख्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी बसवू नका. पोरांना भिंतीच्या बाजूला, म्हणजे गरम रस्सा घेऊन येणाऱ्या माणसाच्या पायात कुणी येणार नाही.

ग्रुप फोटो ताटं येण्याआधी. नंतर हात तेलकट असतात आणि अर्धे लोक बडीशेप चघळत बाहेर गेलेले असतात.

मागवणं

मागवायचं एकानेच. अठरा जणांनी अठरा गोष्टी सांगितल्या की वाढणारा पोरगा काहीच लिहून घेत नाही, मान डोलावतो आणि आत जाऊन अंदाजाने आणतो. घरात ज्याला सगळ्यांच्या आवडी ठाऊक आहेत, त्या माणसाकडे हे काम द्या. आमच्याकडे वहिनी. तिला न विचारता कोण पनीर मागणार आणि कोण फक्त वरणभात, हे बरोबर माहीत असतं.

पहिल्या खेपेला भुकेच्या दोन-तृतीयांश एवढंच मागवायचं. माझा ठोकताळा असा: फुल प्लेट शेवभाजी तिघांना, किलोभर भरीत पाच-सहा जणांना, ठेचा टेबलावर दोन वाट्या. हॉटेलागणिक प्लेटचा आकार बदलतो, म्हणून पहिली प्लेट आली की एकदा नजर टाका आणि पुढचं ठरवा. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं, जास्त झालं तर "घे ना रे भो, थोडं उरलंय" म्हणत एकमेकांच्या ताटात ढकलाढकली सुरू होते.

शेवभाजीबद्दल मी जरा हट्टी आहे. रस्सा वेगळा आणि शेव वेगळी मागवायची. बहुतेक ढाबे आनंदाने देतात. काळ्या मसाल्याचा रस्सा आधी येऊ द्या, वर तेलाचा लाल तवंग, खाली भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा दाटपणा. भाकरी ताटात पडली की मूठभर जाड शेव वाटीत सोडायची. पहिला घास लगेच, शेव अजून कुरकुरीत असताना. दुसरा-तिसरा घास येईपर्यंत ती बाहेरून मऊ होते आणि आत कणा धरून राहते. खरी चव त्या दोन मिनिटांत आहे. संपली की पुन्हा थोडी शेव. रस्सा पुन्हा देतात का आणि त्याचे पैसे लावतात का, हे आधीच विचारा, म्हणजे शेवटी गल्ल्यावर वाद नको.

तिखटाचं सांगायचं तर लाल तवंग बघून घाबरू नये. पाहुण्यांना वाटतं तवंग म्हणजे जाळ. तसं नाही. तिखट खरं असतं ते ठेच्यात आणि फौजदारी डाळीत. नावावरूनच समजून घ्या. पुण्याच्या जावईबापूंनी साधं वरण समजून ती भातावर वाटीभर ओतून घेतली होती; पुढची दहा मिनिटं त्यांनी फक्त ताक प्यायलं. टेबलावर ताकाचा जग आणि गुळाचा खडा आधीपासून असू द्या. लहान मुलांना डुबुक वड्यातला वडा बाहेर काढून, रस्सा निथळून द्यावा. ते नाव ऐकूनच हसतात आणि खातात. उकळत्या रश्शात बेसनाचा गोळा सोडला की जो आवाज होतो, तेच त्याचं नाव.

दातांचा त्रास असलेल्यांना कळण्याची भाकरी जड जाते. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ ते, चव खमंग, पण गार झाली की चिवट. त्यांना दादर ज्वारीची गरम भाकरी द्या, रश्शात कुस्करून पाच मिनिटं ठेवली की झालं. नाहीतर खिचडी-कढी. वरून कच्चं तेल घेणारे असतात, त्यांना अडवू नका.

वरण-बट्टी मागवणार असाल तर तिच्याबरोबर बाकी काही नको. जाडसर कणकेची बट्टी आधी वाफवतात, मग कापून तळतात, चुरून तिच्यावर वरण आणि तूप. जोडीला वांग्याची घोटलेली भाजी. दोन बट्ट्यांनंतर माणूस कामाचा राहत नाही. ज्याला गाडी चालवत परत जायचं आहे त्याला एकच द्या. आमच्यात एकदा चाळीसगावकडून परतताना, पाटणादेवीचं दर्शन घेऊन बट्टी खाल्ल्यावर, चालकासकट सगळेच पेंगायला लागले. शेवटी एका कडुलिंबाखाली गाडी लावून तासभर झोपलो. ते जेवण अजून लक्षात आहे, पण तो मार्ग सुचवत नाही.

आणि सगळ्यांना एकदम वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा नियम घरी ठीक. हॉटेलात तो मोडा. पहिल्या चार भाकऱ्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना, त्यांनी लगेच सुरू करायचं. बाकीच्यांनी तोवर गिलक्याची भजी खात गप्पा माराव्यात. भजी मी नेहमी पहिली मागवतो. तव्याला दम मिळतो.

बिल

बिलावरून आपल्याकडे जी ओढाताण होते ती बघायला शेजारच्या टेबलावरचे लोकही थांबतात. "जिभाऊ, पाकीट आत ठेवा, नाहीतर पुन्हा येणार नाही." ज्याला खरंच द्यायचं आहे त्याने बसण्याआधीच गल्ल्यावर सांगून ठेवावं की पैसे दुसऱ्या कुणाकडून घेऊ नका. मित्रांचा गट असेल तर उलट: जाण्याआधीच भागून घ्यायचं ठरवा, आणि जो फक्त ताक-खिचडी खातो त्याच्याकडून थोडे कमी घ्या. त्याने नको म्हटलं तरी.

बिल वाचून घ्या. भाकऱ्या नगावर लावतात आणि गडबडीत आकडा चुकतो, बहुतेकदा मुद्दाम नाही. आमच्याकडे एक पोरगं भाकऱ्या मोजायला नेमलेलं असतं, त्याला तेवढंच काम. साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, जीएसटी ५ टक्के असतो. महागड्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटची गोष्ट वेगळी. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, छोट्या ढाब्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही. सर्व्हिस चार्ज देणं तुमच्या मर्जीवर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. बिलात तो आपोआप लागला असेल तर शांतपणे काढायला सांगा. ऐकलंच नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. खान्देशातल्या ढाब्यावर मात्र मला हा चार्ज अजून दिसलेला नाही.

टीप द्यायची तर वाढणाऱ्याच्या हातात द्या, आणि एक नोट भाकरीवालीसाठी वेगळी. ती आत असते, तिच्यापर्यंत प्लेटमधली टीप क्वचित पोचते. आईने त्या दिवशी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन तिला स्वतः दिली. सुट्टीवर गेलेल्या दुसरीच्या जागी मालकाने आपल्या बायकोलाच तव्यावर बसवलं होतं, हे आम्हाला तिथे कळलं.

उरलेलं

परतताना सावदा-फैजपूरच्या बाजूने येणार असाल तर केळीचे वेफर्स घ्या. गरम तळून देणाऱ्याकडूनच घ्यावेत, आणि पिशवीचं तोंड घरी पोचेपर्यंत उघडं ठेवावं, वाफ धरली की नरम पडतात.

बट्टी उरली तर सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चुरून, तव्यावर तूप टाकून, थोडा गूळ किंवा थोडं तिखट घालून परतली की चहाबरोबर चालते. भरीत त्याच रात्री संपवा. आणि शेवभाजी बांधून घेत असाल तर पोराला दोनदा सांगा: रस्सा पिशवीत, शेव कागदाच्या पुडीत. एकदा सांगितलं तर तो दोन्ही एकत्र ओततो.